मदत हवी आहे: आरव्हीने युकॉनमार्गे टुक्टोयाक्टुकपर्यंत

भटका संसार
नमस्कार. ऑगस्टच्या अखेरीस आम्ही कॅनडातल्या कॅलगरीहून आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोटारगाडी) घेऊन निघत आहोत. डॉसन क्रीकपासून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी, मग डेम्पस्टर हायवेने इनुविक आणि शेवटी आर्क्टिक महासागराच्या काठावरचे टुक्टोयाक्टुक, असा जाण्याचा मार्ग ठरवला आहे. परतताना डॉसन सिटीहून टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात उतरावे आणि टोक नावाच्या गावापाशी पुन्हा अलास्का हायवेला लागावे, असे मनात आहे. हाताशी तीन आठवडे आहेत.

माझा प्रश्न एवढाच आहे की डेम्पस्टरवर इंधन कुठे कुठे मिळते आणि सोबत किती कॅन न्यावेत? जिथे पाहावे तिथे डोंगरांची वर्णने सापडतात, पण हा साधा हिशेब कोणीच नीट मांडलेला नाही. गाडीचे उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत, त्यामुळे जाणकारांनी कृपया नेमके सांगावे.

वाटाड्या
डॉसन सिटीच्या अलीकडे सुमारे 40 किलोमीटरवर क्लोंडाइक हायवेपासून हा रस्ता फुटतो. त्या फाट्यावर इंधन मिळेल या भरवशावर न राहता डॉसन सिटीतच टाकी काठोकाठ भरून घ्यावी. पुढचे ठिकाण म्हणजे 369व्या किलोमीटरवरचे ईगल प्लेन्स, नंतर फोर्ट मॅकफर्सन, मग इनुविक आणि टुक्टोयाक्टुक. म्हणजे सर्वांत लांब टप्पा डॉसन सिटी ते ईगल प्लेन्स हा, साधारण 410 किलोमीटरचा. फोर्ड ई-450 सांगाड्यावरच्या मोटारहोमची टाकी बहुधा 208 लिटरची असते. चढ, गिट्टी आणि समोरचा वारा गृहीत धरून शंभर किलोमीटरला 30 लिटर लागतील असे मानले, तरी सव्वाशे लिटरच्या आत हा टप्पा पार पडतो, त्यामुळे कॅनची गरज भासू नये. मात्र जनरेटरही त्याच टाकीतून पेट्रोल ओढतो आणि टाकी पाव उरली की तो बहुतेक गाड्यांत आपोआप बंद पडतो, हे रात्रीच्या विजेचा विचार करताना ध्यानात असू द्यावे.

आता तुम्ही न लिहिलेल्या गोष्टी विचारतो. गाडी स्वतःची आहे की भाड्याची? लांबी किती? बरोबर कोण आहेत?

भटका संसार
अगदी हेच हवे होते, आभारी आहे. गाडी भाड्याची असून 29 फुटी आहे. आम्ही चौघे आहोत. बाकीची तयारी झालेली आहे, अडले होते ते इंधनापाशीच.

नीलमोहर
गाडी भाड्याची असेल तर इंधनाच्या आधी करारपत्र काढून निषिद्ध रस्त्यांचे कलम वाचावे, ही कळकळीची विनंती. आरव्ही भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या डेम्पस्टरला मनाई करतात. काही ठिकाणी टॉप ऑफ द वर्ल्ड आणि अलास्कातला डाल्टन हायवेही त्याच यादीत असतात. मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी नेली की विम्याचे संरक्षण संपते, आणि काच तडकण्यापासून ते गाडी ओढून आणण्यापर्यंतचा सगळा खर्च आपल्या अंगावर येतो. ईगल प्लेन्सच्या पलीकडे धुरा मोडला तर गाडी ओढून नेण्याचे अंतर शेकडो किलोमीटरचे असते. आम्हाला एका कंपनीच्या खिडकीवर ‘खुशाल जा’ असे तोंडी सांगण्यात आले होते आणि करारपत्रात मात्र स्पष्ट मनाई होती. तेव्हा जे काही सांगितले जाईल ते लेखी घ्यावे.

माळढोक
करारपत्र महत्त्वाचे आहेच, पण या रस्त्यावर प्रवास साधतो किंवा फसतो तो टायरवर. डेम्पस्टरवर अंथरलेल्या शेल या थरदार खडकाच्या कपच्यांना धार असते आणि साधा टायर बाजूने कापला जातो. दहा प्लायचे म्हणजे जास्त मजबूत बांधणीचे टायर हवेत, स्टेपनी रिमसह दोन हव्यात, आणि गिट्टीवर उतरताच हवा पंचवीस टक्के कमी करावी. हवा कमी असली की टायर दगडावर दबतो आणि कापला जात नाही. मी दरवेळी असेच करतो आणि हे सर्वांनीच करावे असे माझे मत आहे.

वाटाड्या
माळढोक, रिकाम्या पिकअपला तुमचा सल्ला लागू पडतो. माणसे, पाणी आणि सामान यांनी भरलेले 29 फुटी मोटारहोम मागच्या धुऱ्यावर आधीच वजनाच्या मर्यादेजवळ असते. त्या टायरची हवा पंचवीस टक्के उतरवली तर बाजूची भिंत वाकून वाकून तापते आणि टायर फाटण्याचा धोका उलट वाढतो. शिवाय मागे जोडचाके असतात. दोन टायरांच्या फटीत मुठीएवढा दगड अडकून बसतो आणि तसेच चालत राहिले तर दोन्ही टायर आतल्या बाजूने सोलून काढतो. म्हणून दर थांब्यावर गाडीमागे वाकून ती फट पाहावी, दगड असेल तर हातोड्याच्या दांड्याने ठोकून पाडावा. हवा उत्पादकाच्या तक्त्यात त्या वजनासाठी दिली आहे तेवढीच ठेवावी आणि वेग कमी करावा.

माळढोक
वेग कमी करावा याबद्दल दुमत नाही. हवेबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, कारण त्या रस्त्यावर मी कधीही रिकाम्या गाडीने गेलेलो नाही.

रातवा
ऑगस्टच्या अखेरीस निघत आहात तर ध्रुवीय प्रकाश अवश्य पाहावा. उन्हाळ्यात तिथे रात्र पुरती काळोखी होत नाही, ऑगस्टच्या उत्तरार्धात ती होऊ लागते. डॉसन सिटीजवळ टेकडीवर तिवई लावावी, रुंद कोनाचे भिंग वापरावे आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या अंगावरच्या कपड्यांत उबदार ठेवाव्यात. कोणता कॅमेरा नेणार आहात?

सहप्रवासी
रातवा, त्यांनी ते विचारलेले नाही. मला अंतराची काळजी वाटते. कॅलगरी ते डॉसन क्रीक सुमारे 870 किलोमीटर, तिथून व्हाइटहॉर्स सुमारे 1,425, पुढे डॉसन सिटी सुमारे 530, आणि डॉसन सिटी ते टुक्टोयाक्टुक 900 हून थोडे अधिक. जाऊन येऊन साडेसात हजार किलोमीटर होतात. तीन आठवड्यांत भागले तर एकही दिवस न थांबता रोज साडेतीनशे किलोमीटर पडतात, आणि त्यातले सतराशेहून अधिक गिट्टीवरचे आहेत, जिथे ताशी साठसुद्धा नेहमी गाठता येत नाही. भाड्याच्या करारात किलोमीटरची मर्यादा आहे का, तेही पाहावे.

दुसरे असे की तुम्ही अलास्कात उतरणार आहात. चौघांकडे कोणते पासपोर्ट आहेत? अमेरिकेचा व्हिसा सर्वांकडे आहे का?

भटका संसार
इतके प्रश्न निघतील असे वाटले नव्हते, तरी सविस्तर लिहितो. आम्ही पती-पत्नी आणि भारतातून आलेले माझे आई-वडील, दोघेही सत्तरीच्या पुढचे. सर्वांचे पासपोर्ट भारतीय आहेत. आम्हा दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, आई-वडिलांकडे नाही. वडिलांना झोपताना सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारे) लावावे लागते. करारपत्र आज वाचले. डेम्पस्टर आणि टॉप ऑफ द वर्ल्ड या दोन्ही रस्त्यांची नावे निषिद्ध यादीत आहेत. मात्र वडिलांनी आर्क्टिक महासागराच्या पाण्याला हात लावण्याची इच्छा बोलून दाखवली आहे, आणि ती या वर्षी पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते. म्हणून ‘जाऊ नका’ याखेरीज काही मार्ग असेल तर सांगावा.

सहप्रवासी
मग अलास्का या फेरीतून वगळावेच लागेल. तुम्ही दोघे जाऊन परत येऊ शकाल, पण आई-वडिलांना व्हिसाशिवाय सीमेवर प्रवेश मिळणार नाही.

माळढोक
परतताना कॅसियार हायवेने यावे, म्हणजे एकच रस्ता दोनदा पाहावा लागत नाही. वॉटसन लेकच्या थोडे पश्चिमेला तो अलास्का हायवेपासून सुटतो आणि सुमारे 725 किलोमीटर दक्षिणेला किटवांगापाशी संपतो. वाटेत स्टुअर्टकडे जाणाऱ्या फाट्यावर बेअर ग्लेशियर हा हिमप्रवाह रस्त्यावरूनच दिसतो. स्टुअर्टच्या शेजारचे हायडर हे गाव अलास्कात आहे आणि तिथे शिरताना अमेरिकेची चौकी नाही, त्यामुळे आई-वडिलांना तेवढी अलास्काची भेट घडवता येईल.

नीलमोहर
माळढोक, कृपया असा सल्ला देऊ नये. चौकी नसली तरी ती भूमी अमेरिकेची आहे आणि व्हिसाचा नियम तिथेही लागू आहे. परतताना कॅनडाची चौकी लागते, तिथे कागदपत्रे पाहिली जातात. सत्तरीच्या माणसांना अशा प्रसंगात उभे करू नये. बेअर ग्लेशियर कॅनडाच्याच हद्दीत आहे, तो पाहून स्टुअर्टहून मागे फिरावे. कॅसियारचा सल्ला मात्र मलाही पटतो.

वाटाड्या
महासागरापर्यंत जाण्याचे दोन मार्ग मला दिसतात.

पहिला मार्ग असा की आरव्ही व्हाइटहॉर्सला उभी करावी आणि डेम्पस्टरला लेखी परवानगी देणारा पिकअप किंवा एसयूव्ही तिथेच भाड्याने घ्यावी. एक मुक्काम ईगल प्लेन्सच्या हॉटेलात आणि पुढचे इनुविकला करावेत. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत, उन्हाळ्यात तराफ्याने आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून पार व्हावे लागते. नदीला पाणी चढले की तराफा थांबतो, म्हणून एक मोकळा दिवस हाताशी हवा. हा रस्ता कायम गोठलेल्या जमिनीवर गिट्टीचा जाड थर टाकून बांधला आहे. खालची जमीन वितळून रस्ता खचू नये म्हणून हा थर 1.2 ते 2.4 मीटर उंच ठेवलेला आहे. त्यामुळे रस्ता बांधासारखा उंचावर आणि कडा मऊ असतात. समोरून ट्रक आला तरी फार कडेला सरकू नये, वेग उतरवून जागच्या जागी थांबावे. धूळ बसावी म्हणून काही भागांत कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की तो पृष्ठभाग निसरडा होतो, आणि चिखल गाडीच्या पोटाला वाळून चिकटण्याआधी धुवावा लागतो.

दुसरा मार्ग विमानाचा. व्हाइटहॉर्सहून इनुविकला विमान जाते आणि इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे 140 किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर 2017 पासून बारमाही खुला आहे. तेवढ्यापुरती तिथली गाडी घ्यावी किंवा स्थानिक सहलीत जावे. वडिलांचे वय आणि यंत्र पाहता माझा कौल याला आहे. युकॉनमध्ये रुग्णालये तीनच आहेत, व्हाइटहॉर्स, वॉटसन लेक आणि डॉसन सिटी इथे. त्यापुढे थेट इनुविकलाच रुग्णालय मिळते. डॉसन सिटी ते इनुविक या पावणेआठशे किलोमीटरांत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही, त्यामुळे रस्त्याने गेलात तर उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र अत्यावश्यक समजावे.

माळढोक
विमानाने गेल्यास डेम्पस्टर पाहायचा राहून जाईल आणि तोच या प्रवासाचा गाभा आहे. किमान 71व्या किलोमीटरवरच्या टूमस्टोन उद्यानापर्यंत तरी जावे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथली खुरटी झुडपे डोंगरभर लाल झालेली असतात.

नीलमोहर
जावे, पण भाड्याच्या आरव्हीने नाही, कारण टूमस्टोनसुद्धा डेम्पस्टरवरच आहे. त्यासाठी डॉसन सिटीत एका दिवसाची वेगळी सोय पाहावी.

सीपॅपबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते, कारण रोज रात्री प्रश्न त्याचाच येईल. युकॉन सरकारच्या मुक्कामाच्या तळांवर (कॅम्पग्राउंड) सरपण मिळते, पण विजेची जोडणी नसते. त्या दिवसांत पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. गॅसवरच्या हीटरचा पंखासुद्धा गाडीच्या बॅटरीवरच चालतो, म्हणजे पंखा आणि सीपॅप दोन्ही एकाच बॅटरीवर येतात. यंत्राची आर्द्रता देणारी तापपट्टी बंद ठेवली की विजेचा खप बराच उतरतो, पण तसे केलेले वडिलांना चालेल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्व्हर्टर टाळून यंत्राच्या उत्पादकाची बारा व्होल्टची वायर घ्यावी. शांततेच्या वेळेत जनरेटर लावता येत नाही, तेव्हा संध्याकाळीच बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, आणि दोन-तीन रात्रींआड वीजजोडणी असलेला खासगी तळ धरावा. मैलापाण्याची टाकीही तिथेच रिकामी करून घेता येते.

भटका संसार
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंपनीशी आज बोलून पावती आणि करारातील मार्ग लेखी बदलून घेतला. आरव्ही व्हाइटहॉर्स आणि डॉसन सिटीपर्यंतच नेऊ, टूमस्टोनसाठी एक दिवस वेगळी गाडी पाहू, व्हाइटहॉर्सहून चौघेही विमानाने इनुविकला जाऊ आणि कॅसियारने परत येऊ. आता एकच विचारतो. विमान आधी घ्यावे की डॉसन सिटी आधी करावी?

वाटाड्या
विमान आधी. इनुविकला धुके किंवा वारा असला तर उड्डाण पुढे ढकलले जाते, आणि ते दिवस सुरुवातीला खर्च झाले तर डॉसन सिटीतले मुक्काम कमी करून भरून काढता येतात. सीपॅप यंत्र विमानात हातातच ठेवावे, सामानात देऊ नये. अस्वलांना पळवून लावणारा फवारा विमानात चालत नाही, तो आरव्हीतच ठेवावा. निघण्याच्या आदल्या दिवशी 511 युकॉन या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती पाहावी, कारण त्या काळात डागडुजीची कामे चालू असतात.

रातवा
व्हाइटहॉर्सला विमानाची वाट पाहत थांबावे लागले तर रात्री शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर जावे. कॅमेऱ्याचे अजून कळवले नाहीत.