बोयाचा दिवा बंद, कळवायचं कुणाला?

थळचा_पोरगा: परवा पहाटे मासेमारीहून परत येत होतो, खाडीच्या तोंडावरचा लाल बोया (बोटींना वाट दाखवणारी तरंगती खूण) दिसेचना, जवळ आलो तर दिवा बंद आणि बोया तिथंच काळोखात डुलतोय, तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, झटकन सुकाणू फिरवलं म्हणून वाचलो. असलं काही आधी कळतं का कुठे?

जुना_सेकंडमेट: डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस दर पंधरवड्याला नोटिसेस टू मरीनर्स, म्हणजे दर्यावर्दींसाठी सूचना, काढतं. दीपस्तंभाचा दिवा बदलला, बोया हलवला, कुठे जहाज बुडालं, सगळं त्यात येतं. आम्ही कायमचा बदल चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) जांभळ्या शाईने करायचो, तात्पुरता पेन्सिलने, आणि खाली डाव्या कोपऱ्यात नोटिशीचा नंबर. तातडीचं असेल तर नॅवटेक्सवर (जहाजावर रेडिओने लेखी सूचना देणारं यंत्र) येतं, 518 किलोहर्ट्झ.

कोळीवाडा: दादा, लहान बोटींवर नॅवटेक्स कुठला! आमच्याकडे मच्छीमार सोसायटीत फळ्यावर लिहितात तेवढंच. हे मराठीत मोबाईलवर यायलाच पाहिजे, जिवाचा प्रश्न आहे.

जुना_सेकंडमेट: अगदी खरं. पण तुम्ही पण कळवा, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर पोर्ट कंट्रोलला नाहीतर कोस्ट गार्डला सांगायचं, वेळ आणि जीपीएस पोझिशन सकट.

थळचा_पोरगा: पोझिशन सेव्ह आहे, आजच कळवतो.