जीटी८६ला लोअरिंग स्प्रिंगा घरीच बसवायच्या आहेत

लाल_कूपे
टोयोटा जीटी८६ आहे, २०१३ची. गाडी साधारण २५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घेऊन ठेवल्यात. शॉकअब्सॉर्बर कंपनीचेच राहणार. ऑइल, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो, पण सस्पेन्शनला कधी हात लावलेला नाही. स्प्रिंग दाबायची भीती वाटते, खरं सांगायचं तर. मित्र म्हणतो नव्या कशाला, जुन्यांचंच एकेक वेटोळं काप. करावं का घरी?

जुना_पाना
मित्राचं आधी उरकतो. कापू नका. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठ होते हे खरं, पण बैठकीत नीट बसावं म्हणून टोकाला दिलेला आकार जातो आणि चाक लटकलं की ती जागेवरून सरकते. गॅसने कापली तर पोलादाचं पाणीही उतरतं.

भीती वाटते ते बरंच आहे, ती राहू द्या. बॉनेट उघडलं की स्ट्रटच्या (पुढचा शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक जोड) टॉवरवर, म्हणजे तो जिथे वर बसतो तिथे, तीन नट दिसतील, ते स्ट्रटला गाडीशी धरतात. मधला नट स्प्रिंगला धरून असतो. स्ट्रट गाडीत असताना त्या मधल्याला पाना लावायचा नाही. बाहेर काढल्यावरसुद्धा, स्प्रिंग हाताने फिरेल इतकी सैल होईपर्यंत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे, दोन आकडे (हूक) समोरासमोर लावा, आट्यांना ग्रीस द्या, आळीपाळीने थोडं थोडं आवळा. इम्पॅक्ट गन तिथे चालवू नका. आणि स्ट्रटचं टोक तुमच्या तोंडाकडे नको. मधला नट सोडताना शॉकचा दांडा ॲलन कीने धरा. दांडा गरगरला तर शॉकच्या सीलची वाट लागते.

गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. स्ट्रटवरून ब्रेकच्या होजची क्लिप आणि एबीएसची वायर आधी मोकळी करा. स्ट्रट निघाला की नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर कलंडतो, तो तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबू देऊ नका. स्टॅबिलायझर बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा, एकच सोडली तर बार दुसऱ्या बाजूने ओढत राहतो आणि तुम्ही उगाच जोर लावत बसता.

नकलचे दोन बोल्ट काढण्याआधी स्ट्रटवर रंगाची खूण करा. भोकात थोडी ढील असते, तेवढ्यानेही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो.

आता जे बहुतेक जण सोडून देतात ते. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या बुशमध्ये (आर्मच्या टोकाचा रबरी सांधा) रबर आतल्या नि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते, मग आर्म हलतो तो रबर पिळूनच. म्हणजे चाक लटकलेलं असताना आवळलं, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहणार. तुम्ही तर उंचीच बदलताय, त्यामुळे न सोडलेले बोल्टसुद्धा जुन्या उंचीला जखडलेले आहेत. काम झालं की गाडी रॅम्पवर चढवा, चाकांवर वजन येऊ द्या, आर्मचे बोल्ट जरा ढिले करा आणि मग टॉर्क रेंचने आवळा. किती टॉर्क ते सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, माझ्या किंवा कुणाच्या तोंडून नाही.

वळणवेडा
माझं मत जरा वेगळं. स्ट्रट काढणं-बसवणं घरी करा, स्प्रिंग बदलायला मात्र ते गॅरेजमध्ये न्या. भिंतीवर बसवलेला कॉम्प्रेसर त्या आकड्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

आणि एक विचारतो, फक्त दिसण्यासाठी खाली आणताय की वळणांसाठी? मॅकफर्सनमध्ये (पुढची ही स्ट्रटवाली रचना) गाडी आणि तिचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती कलते तो बिंदू, जास्त खाली जातं. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे वळणात कलण्याचा जोर उलट वाढतो. तो रोखतो स्प्रिंगचा ताठपणा, खाली आलेली उंची नाही. २५ मिमीवर थांबताय ते शहाणपणाचं.

जुना_पाना
भिंतीवरच्या कॉम्प्रेसरबद्दल शंभर टक्के. तो मिळत असेल तर मी वर लिहिलेलं आकड्यांचं सगळं विसरा.

लाल_कूपे
स्ट्रट गॅरेजला नेऊन स्प्रिंगा बदलून आणल्या, बाकी घरी केलं. मागचा शॉक सोडायला डिकीतलं अस्तर काढण्यातच निम्मा वेळ गेला. गाडी छान बसली आहे, पण उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून डावीकडून ‘टंग’ आवाज येतो. अलाइनमेंट अजून बाकी आहे.

जुना_पाना
स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलंय का बघा. टेकलं नसेल तर स्ट्रट फिरताना स्प्रिंग थोडी अडते आणि मग सुटते, तोच हा आवाज. ते ठीक असेल तर वरच्या माउंटचं बेअरिंग. जोडताना वॉशरचा क्रम उलटा गेला तरी असं होतं. कुठल्याही परिस्थितीत स्ट्रट परत काढावा लागेल, त्यामुळे अलाइनमेंट आधी करून घेऊ नका, फुकट जाईल.

तोपर्यंत गाडी कमी चालवा. कॅम्बर थोडा उणे गेल्याने टायर लगेच संपत नाही, टो (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला असेल तर संपतो. अलाइनमेंटला जाल तेव्हा पुढचा-मागचा दोन्ही टो बघायला सांगा, आणि हेडलाइटचा झोतही तपासून घ्या.

बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबला की ठोका झेलणारे ठोकळे) कापले का? स्प्रिंगच्या डब्यातल्या कागदावर किती कापायचे ते लिहिलेलं असतं. लिहिलं नसेल तर हात लावू नका.