न्यायालयाचे ‘जजमेंट’ आणि आपले ‘जजमेंट’

पायवाट (प्रश्न):

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या वडिलांच्या दिवाणी दाव्याचा निकाल लागला. त्यांनी एका नातलगाला दोन लाख रुपये हातउसने दिले होते. कागद केला नव्हता, चेकही नव्हता. रोख रक्कम मोजून दिली तेव्हा खोलीत फक्त आई होती आणि ती आता हयात नाही. निकालपत्रात डावीकडे ‘मुद्दे’ आणि उजवीकडे ‘निष्कर्ष’ अशी मांडणी आहे. प्रतिवादीला दाव्यातील रक्कम हातउसनी दिल्याचे वादी शाबीत करतात काय, हा पहिला मुद्दा, आणि त्यासमोर एकच शब्द: ‘नाही’. त्या एका शब्दावरून ‘म्हातारा खोटारडा, कोर्टानेच सांगितले’ असे नातलगांनी गावभर करून ठेवले आहे. वडीलही मला विचारतात, ‘म्हणजे मी खोटे बोललो असे जज्जसाहेबांना वाटले का रे?’

निकालाची नक्कल मिळाली त्याच संध्याकाळी पुतण्याने गाडी मागे घेताना तुळशीवृंदावनाला घासली आणि ‘जजमेंट चुकलं’ म्हणून तो मोकळा झाला. वडील त्याला दोन शब्द बोलले, तर पुतणी म्हणाली, ‘आजोबा, इतके जजमेंटल होऊ नका.’ सकाळी हाती आलेल्या नकलेलाही आमचे वकील ‘जजमेंट’च म्हणत होते. या तिन्ही वापरांत काही समान धागा आहे की नुसता शब्द एक आहे? आणि वडिलांना मी काय उत्तर द्यावे?

जुना_वकील:

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. केवळ त्या ‘नाही’ या शब्दावरून असा अर्थ निघत नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यात एखाद्या गोष्टीच्या दोन नव्हे, तीन अवस्था सांगितल्या आहेत: शाबीत, नाशाबीत आणि ‘शाबीत न झालेली’. १८७२ च्या कायद्यात ही विभागणी कलम ३ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. नाशाबीत म्हणजे ती गोष्ट अस्तित्वात नाही असे न्यायालयाला पटणे. तिसऱ्या अवस्थेत न्यायालयाला समोरच्या पुराव्यावरून ती घडली असेही म्हणता येत नाही आणि घडली नाही असेही म्हणता येत नाही. पैसे दिले असे जो म्हणतो त्याच्यावर शाबितीचा भार असतो, म्हणून प्रकरण असे अधांतरी राहिले की दावा त्याच्याविरुद्ध जातो. गावाला मात्र खरा आणि खोटा या दोनच अवस्था ठाऊक असतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

आता ‘जजमेंट’. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(९) प्रमाणे न्यायाधीशाने हुकूमनाम्याची (डिक्रीची) किंवा आदेशाची जी कारणे दिली त्यांचे निवेदन म्हणजे न्यायनिर्णय. कोणाला काय मिळाले, दावा मंजूर की नामंजूर, खर्च कोणी सोसायचा, हे हुकूमनाम्यात येते आणि तो न्यायनिर्णयाच्या मागून तयार होतो. म्हणजे लोक ज्याला ‘निकाल’ म्हणतात तो न्यायनिर्णयाचा फक्त शेवटचा परिच्छेद, आणि हुकूमनामा त्याला धरूनच निघतो. संसदेला राज्यघटना कितपत बदलता येते याविषयीच्या केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ असा कौल दिला, पण न्यायनिर्णय लिहिले गेले ११. बहुमतात असलेल्यांची कारणेही एकसारखी नव्हती, त्यामुळे बहुमताने नेमके काय ठरवले यावर पुढे वकिलांनी बरीच शाई खर्ची घातली. निष्पत्ती एक आणि न्यायनिर्णय अकरा, यात कायद्याला काहीच विसंगत वाटत नाही.

संहितेच्या आदेश २० (इथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतले प्रकरण), नियम ४ मध्ये न्यायनिर्णयात काय हवे तेही सांगितले आहे: प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे. (लघुवाद, म्हणजे छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या, न्यायालयाला हकीकत आणि कारणे न देण्याची मुभा आहे, हा अपवाद मला कधीच फारसा रुचला नाही.) एकदा उघड न्यायालयात सही झाली की लेखनातल्या चुका दुरुस्त करणे किंवा पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने निर्णय पुन्हा तपासणे) यांखेरीज त्याच न्यायाधीशालाही त्यात फेरफार करता येत नाही. घरी आपण सकाळी एक मत देतो, दुपारी फिरवतो, आणि कोणी नक्कल मागत नाही.

म्हणून वडिलांना कारणमीमांसेचा भाग वाचायला द्या, निष्कर्षांचा तक्ता नव्हे. साक्ष विश्वासार्ह नाही असे तिथे स्पष्ट लिहिले असेल तर गोष्ट वेगळी.

शब्दवेल्हाळ:

वकीलसाहेबांशी कायद्याबाबत वाद नाही, शब्दांबाबत थोडे जोडतो. मराठीत या एका इंग्रजी शब्दाची कामे पूर्वीपासून वाटून दिलेली आहेत. गाडी मागे घेताना चुकतो तो अदमास. उंच उडालेल्या झेलाखाली क्षेत्ररक्षक दोन पावले पुढे येतो आणि चेंडू डोक्यावरून मागे पडतो, तेव्हाही चुकतो तो अदमासच. पुतणीला म्हणायचे होते, ‘आजोबा, नावे ठेवू नका.’ सोनाराची ती पारख आणि न्यायालयाचा तो न्यायनिर्णय. ‘जजमेंट’ने हे सगळे शब्द बाजूला सारले आणि आपल्याला ते एकच वाटू लागले.

‘निकाल’ हा शब्द मला या जागी दुबळा वाटतो, कारण त्यात फक्त शेवट आहे: परीक्षेचा निकाल लागतो, उन्हात राहिलेल्या दुधाचाही निकाल लागतो. त्यापेक्षा जुना ‘निवाडा’ पाहा. तो ‘निवडणे’ या क्रियापदाच्या घरातला आहे. माझी आजी दुपारी उजेडाकडे तोंड करून सुपात तांदूळ निवडायची. मूठभर तांदूळ पुढे ओढायचे, बोटाने पसरायचे, खडा दिसला की बाजूला आणि उरलेले सरकवायचे. ‘तांदूळ चांगले आहेत’ असे ती एकदम कधीच म्हणत नसे. मराठेशाहीतली निवाडपत्रे वाचली तर हेच दिसते: आधी दोन्ही पक्षांच्या तकरिरा (आपापली बाजू मांडणाऱ्या जबान्या), मग साक्षी, मग पुरावा, आणि कोण खरा ठरला हे सगळ्यात शेवटी.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातही, ‘निर्णय’ सोळा पदार्थांपैकी (विचाराच्या विषयांपैकी) नववा आहे. पक्ष आणि प्रतिपक्ष या दोहोंच्या द्वारे विचार करून अर्थ निश्चित करणे, अशी त्याची व्याख्या गौतमाच्या सूत्रांत आहे. संशय आणि तर्क त्याच्या आधी येतात. दुसरी बाजू ऐकलीच नाही तर आपण जे बनवतो त्याला या व्याख्येप्रमाणे निर्णय म्हणणे कठीण, ते मत.

कट्ट्यावरचा:

दोघांचेही पटले, पण रोजच्या विचाराला तुम्ही फारच खाली बसवले आहे. ‘शाबीत’ची व्याख्याच पाहा. न्यायालयाला ती गोष्ट अस्तित्वात आहे असे वाटले पाहिजे, किंवा ती इतकी संभाव्य वाटली पाहिजे की त्या परिस्थितीत एखाद्या समंजस माणसाने ती आहे असे धरून वागावे. हा समंजस माणूस कायद्याच्या पुस्तकातला नाही. तो बाजारात उधारी देणारा, मुलीसाठी स्थळ बघणारा, पावसाचा अंदाज घेऊन पेरणी करणारा माणूस आहे. साक्षीदार कसा वागला याबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाची वाटेल ती नोंद करण्याची मुभाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ मध्ये आहे. घाम फुटला, उत्तर टाळले, हे ओळखायला कोणते कलम लागते? म्हणजे पुतण्याचे जजमेंट आणि जज्जसाहेबांचे जजमेंट यांत नाते आहेच. फरक इतकाच की जज्जसाहेबांना ते लिहून दाखवावे लागते.

नुसता कौल आणि कारणांसहित न्यायनिर्णय यांची टक्कर मुंबईने १९५९ मध्ये पाहिली. नौदल अधिकारी कवस नानावटी यांच्या खटल्यात ज्यूरीने (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या एका खटल्यामुळे ज्यूरी बंद पडली असे सांगतात ते सरधोपट आहे, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही हे खरे. गावाने तुमच्या वडिलांबद्दल दिला तो ज्यूरीचा कौल समजा. फरक एवढाच की त्या ज्यूरीने निदान साक्षी तरी ऐकल्या होत्या.

जुना_वकील:

समंजस माणसाचा मुद्दा मान्य, तो मी सांगायला हवा होता. पायवाट, एक घाईची गोष्ट. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची आहे; नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. अर्ज कधी केला, नक्कल कधी मिळाली, या तारखा नकलेच्या शेवटच्या पानावर पाहा.

पायवाट:

सर्वांचे आभार. काल रात्री वडिलांसमोर कारणमीमांसा मोठ्याने वाचली. नवव्या परिच्छेदात असे आहे की वादीची साक्ष उलटतपासात डळमळीत झालेली नाही, परंतु तिला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा अभिलेखावर नाही. वडिलांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावले, ‘डळमळीत झालेली नाही’ याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि नक्कल उशाशी ठेवून झोपले. आज सकाळी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तारखांचा. अर्ज दुसऱ्याच दिवशी केला होता, नक्कल आठ दिवसांनी मिळाली. उद्या वकिलांकडे जातो आहे.