शब्दचर्चा : 'उदोवित्सा' म्हणजे वीरांगना का?

प्रश्न : मार्को मारुलिच यांच्या 'युदिता' या बायबलकथेतील युदिता (ज्युडिथ) हिच्यावरील क्रोएशियन काव्याच्या मूळ लांबलचक शीर्षकात नायिकेला 'स्वेता उदोवित्सा' म्हटले आहे. मराठीत तिला 'वीरांगना' म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'स्वेता' म्हणजे पवित्र आणि 'उदोवित्सा' म्हणजे विधवा. हा दुसरा शब्द आपल्या 'विधवा'चा दूरचा नातेवाईकच आहे, कारण संस्कृत, लॅटिन आणि स्लाव भाषांतील ही रूपे एकाच प्राचीन मुळातून आली आहेत.

'वीरांगना' म्हटले की रणात उतरलेली लढवय्यी स्त्री डोळ्यांपुढे येते. युदिता तशी नाही. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याच्या सैन्याने तिच्या बेथुलिया या ज्यू नगराचे पाणी तोडले आहे, पाच दिवसांत मदत न आल्यास शरण जाण्याचे नगरप्रमुखांनी ठरवले आहे, अशा वेळी उपास-प्रार्थनेत दिवस काढणारी ही स्त्री वैधव्याची वस्त्रे उतरवून, साजशृंगार करून शत्रूच्या छावणीत जाते आणि मद्यधुंद सेनापतीचे शिर त्याच्याच तलवारीने उतरवते. तिचे बळ शस्त्रविद्येत नसून व्रतस्थ आयुष्यात आहे, आणि 'वीरांगना' म्हणताना नेमके तेच गळून पडते.

मारुलिच यांनी हे काव्य १५०१ मध्ये स्प्लित या आपल्या किनारी शहरात रचले. त्याआधी १४९३ मध्ये कर्बावाच्या मैदानावर क्रोएशियन सरदारांचा ओस्मानी (तुर्की) फौजेने दारुण पराभव केला होता आणि धाडी स्प्लितच्या परिसरापर्यंत येत होत्या. वेढ्यात सापडलेले बेथुलिया त्या वाचकांना परके वाटणे शक्यच नव्हते.

पुरवणी प्रश्न : त्याच शीर्षकातील 'हार्वात्स्की' म्हणजे काय?

उत्तर : 'क्रोएशियन भाषेत'. लॅटिन लेखनासाठी युरोपभर नाव मिळवलेल्या या कवीने अर्पणपत्रिकेत लिहिले आहे की, ज्यांना लॅटिन ग्रंथ वाचता येत नाहीत त्यांनाही ही कथा कळावी म्हणून ती आपल्या भाषेत रचली. १५२१ मध्ये व्हेनिसला छापलेले, बारा अक्षरांच्या चरणांचे, सहा सर्गांचे हे काव्य क्रोएशियन भाषेतील पहिले मुद्रित महाकाव्य मानले जाते. त्याला 'पहिले क्रोएशियन मुद्रित पुस्तक' म्हणणे मात्र चूक ठरेल, कारण ग्लागोलितिक या जुन्या स्लाव लिपीतील उपासनाग्रंथ १४८३ मध्येच छापून झाला होता.