मदत हवी आहे: गोठा धुतलेले पाणी पावसाळ्यात ओढ्यात जाऊ नये म्हणून काय करता येईल?

मी ठाण्यात राहतो. माझ्या मामांची दोन एकर भातशेती आणि चौदा म्हशींचा गोठा बदलापूर ते रायते या पट्ट्यात, उल्हास नदीच्या जवळ आहे. गेल्या रविवारी गोठा धुतल्यावर पाणी जाते कुठे, हे मी प्रथमच नीट पाहिले. शेण-मूत मिसळलेले तपकिरी पाणी चरातून कुंपणाबाहेर, तिथून पन्नास-साठ पावलांवरच्या ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. मामी ज्या दगडावर कपडे धुवायच्या, त्यावर आता पाय ठरत नाही इतके शेवाळ आहे. याच नदीचे पाणी पुढे शहाड येथे उचलून ठाण्यालाही पुरवले जाते.

शहरांचे सांडपाणी नाल्यांवाटे सरळ नदीत येत असताना आपल्या चौदा म्हशींना कोण विचारतो, असे मामांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य असल्यामुळे मी वाद वाढवला नाही. मात्र घरची विहीर गोठ्याच्या उतारालाच आहे हे लक्षात आणून दिल्यावर ते स्वतःच उपाय विचारू लागले. शेण-मूत झिरपले की विहिरीत नायट्रेट वाढते आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्यासाठी विहिरीचा नमुना तपासायला देणार आहोत.

अडचण पावसाळ्याची आहे. म्हशीमागे रोज पंधरा किलो शेण धरले तरी दोनशे किलो होते. घनमीटरभर गॅसला साधारण पंचवीस किलो शेण लागते, म्हणजे आठ घनमीटरचा गोबरगॅस सहज चालेल. परंतु खाचरे भरलेली असताना त्यातून निघणारी मळी चार महिने टाकायची कुठे? शिवाय आवणीनंतर, म्हणजे भाताची रोपे खाचरात लावल्यावर, मामा युरिया फेकून देतात आणि जोराची सर आली की तोही बांधावरून वाहून जातो. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आमचाही गोठा आहे, म्हणून सांगतो. गोबरगॅसचा विचार नंतर करा; आधी पाणी कमी करा. धुण्यापूर्वी शेण फावड्याने ओढून घ्यावे आणि मगच पाइप सोडावा. दुसरे म्हणजे गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावून पागोळ्यांचे पाणी वेगळे काढावे, कारण पावसाळ्यात चर भरून वाहतो तो बहुतांशी छपरावरच्या पाण्याने. ओढलेल्या शेणाचा खड्डा उंचवट्यावर, विहिरीपासून दूर आणि छपराखाली असावा. त्यात भाताचा पेंढा मिसळला की शेण आटोपशीर राहते आणि दिवाळीनंतर भाजीच्या रानाला ते खत कामी येते. उरलेले धुवण ओढ्याऐवजी गवताच्या तुकड्यावर पसरू द्यावे. ओढ्याकाठी उताराला आडवी वाळ्याच्या गवताची दाट ओळ पहिल्या पावसात लावा.

युरियासाठी भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतल्या युरिया-डीएपी खताच्या गोळ्या वापरून पाहा. चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची असते. चिखलात गाडलेले खत फेकलेल्या खतासारखे वाहत नाही. त्यासाठी आवणी दोरीने करावी लागते आणि मजूर त्याला कुरकुरतात, म्हणून यंदा एकाच खाचरात करून पाहावे. तुमच्या मामांच्या गोठ्यातली जमीन फरशीची आहे की मुरमाची, तेवढे कळवा. मुरमाची असेल तर मूत खाली झिरपते आणि विहिरीच्या दृष्टीने आधी तिथेच कोबा करावा लागेल.