एसी आणि गीझर एकत्र चालू केले की एमसीबी पडतो

प्रश्न: वाशीतील आमच्या जुन्या सदनिकेत एसी आणि गीझर एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर) असून, दोन्ही चालू केले की तो पडतो, त्याजागी ३२ अँपिअरचा बसवावा, असे वायरमन सुचवतात. हे योग्य आहे का?

उत्तर: मुळीच नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ चा बसवला, तर वायर तापून आवरण खराब होत राहिले तरी तो पडणार नाही. एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून घ्या.

उत्तर: सहमत. बोर्डात आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, तेही कृपया पाहा. गीझरमधून शरीरात उतरणारा थोडासा प्रवाह एमसीबीला जाणवतही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचे ‘टी’ बटण अधूनमधून दाबून तपासावे.