ग्रीकांचा कोलिवा आणि आपली खपली: कृती हवी, शिवाय प्राचीन धागा किती खरा?

खानापूर_वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये जगातली धान्यं आणि सण यांवर छोटं प्रदर्शन आहे. ग्रीसच्या टेबलावर कोलिवा, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ करतात तो उकडलेल्या गव्हाचा पदार्थ, खरोखर करून ठेवायचा आहे. हुग्गीला (गव्हाच्या खिरीला) आणतो तो खपली गहू चालेल का? आणि वरचा साखरेचा थर दिवसभर टिकवायचा कसा? आमच्याकडे त्या दिवसांत पापडसुद्धा डब्याबाहेर तासभर टिकत नाही. शिवाय फलकावर ‘प्राचीन ग्रीसपासूनची अखंड परंपरा’ असं लिहायचं घाटतंय. लिहावं का?

रांधप_निपाणी
खपली उत्तम, पण कांडून टरफल काढलेली आणि अख्खी घ्या. खिरीसाठी भरडलेली मिळते तिचा लगदा होईल. 1 किलो खपली रात्रभर भिजत घाला, सकाळी पाणी बदलून चौपट पाण्यात मंद आचेवर शिजवा. कुकर नको. शिट्टीच्या दाबानं दाणे फुटतात, आतलं पीठ बाहेर येतं आणि सगळं चिकट होऊन बसतं. तासाभरानं बघायला लागा: दाणा बोटांत दाबला की मध्ये पांढरा ठिपका राहता कामा नये, पण साल उकललेलीही नको. मग गाळून, पाणी नितळ येईपर्यंत थंड पाण्यानं धुवा. गाळलेलं पहिलं पाणी ग्रीक घरांत फेकत नाहीत, साखर-दालचिनी घालून पितात.

आता खरं काम वाळवण्याचं. तिकडे गहू रात्रभर कापडावर पसरून ठेवतात. आपल्या ओल्या हवेत तसा ठेवला तर सकाळी हाताला बुळबुळीत लागतो आणि आंबूस वास येतो. म्हणून दुपदरी धोतरावर एकच थर पसरा, चार-पाच तास पंख्याखाली ठेवा, मध्ये कापड बदला. नंतर परातीत, न झाकता, रात्रभर फ्रीजमध्ये. झाकण घातलंत की त्याला पाणी सुटून परत दाण्यावर येतं.

250 ग्रॅम मनुका, 200 ग्रॅम भाजून जाडसर कुटलेले बदाम-अक्रोड, 100 ग्रॅम भाजलेले तीळ, दोन चमचे दालचिनीपूड आणि दोन डाळिंबांचे दाणे घ्या. डाळिंब कापडावर टिपून अगदी शेवटी मिसळा. ताटात घुमटासारखा ढीग करून हातानं घट्ट दाबा. त्यावर 250 ग्रॅम कोरडं भाजून पूर्ण गार केलेलं पीठ चाळणीनं अर्धा सेंटिमीटर पसरा. गव्हातून सुटणारी ओल हे पीठ पितं. मग 500 ग्रॅम पिठीसाखर चाळून, बटर पेपर ठेवून तळहातानं सपाट करा. त्यावर सोललेल्या बदामांचा आणि चंदेरी गोळ्यांचा क्रूस काढतात, बाजूला मृताच्या नावाची आद्याक्षरं. साखर टेबलावर ठेवायच्या तासभरच आधी चढवा. करडे ओले डाग उमटले तर गहू ओला राहिला. साखर गुठळ्या धरून तडकली तर पीठ गरम होतं.

दिवसभर मांडलेलं ताट संध्याकाळी कुणाला खायला देऊ नका. शिजवलेलं धान्य आहे, बाहेर राहिलं की बाधतं. चवीसाठी वेगळा डबा फ्रीजमध्ये ठेवा.

मध्यसागर_बेळगाव
‘अखंड’ हा शब्द काढा. धागा आहे, पण मध्ये बरंच तुटलेलं आणि नव्यानं विणलेलं आहे.

प्राचीन अथेन्समध्ये अँथेस्टेरिया नावाचा वसंतातला तीन दिवसांचा सण होता. तिसऱ्या दिवशी, ‘मडक्यांच्या दिवशी’, सगळ्या प्रकारची धान्यं-कडधान्यं एका मडक्यात शिजवून पाताळाशी नातं असलेल्या हर्मीस देवाला अर्पण करत. मृतांचे आत्मे त्या दिवसांत फिरतात अशी समजूत होती. कोलिवाशी हे किती जुळतं ते उघड आहे. पण एक फरक फार मोलाचा: थिओपॉम्पस या इतिहासकाराच्या हवाल्यानं टिकून राहिलेल्या टिपणांनुसार त्या मडक्यातलं कुणी चाखत नसे. आजचा कोलिवा मात्र प्रार्थना झाली की कागदी पिशव्यांतून सगळ्यांना वाटतात. वाटून खाणं हाच त्याचा गाभा.

चर्चची स्वतःची कथा वेगळी आहे. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेल्या रोमन सम्राट ज्युलियननं (राज्यकाळ 361 ते 363) कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातल्या अन्नावर बळीचं रक्त शिंपडायला लावलं, तेव्हा संत थिओडोर यांनी दर्शन देऊन लोकांना घरातला गहू उकडून खायला सांगितलं. ईस्टरपूर्व उपवासाच्या पहिल्या शनिवारी याची आठवण म्हणून कोलिवा करतात. बाकी मृत्यूनंतर तिसरा, नववा, चाळिसावा दिवस आणि वर्ष. संतांच्या सणालाही करतात, तेव्हा तो दुखवट्याचा नसतो.

जुन्या श्रद्धेचा सगळ्यात ठसठशीत माग एलेफ्सिनाला, म्हणजे प्राचीन इल्यूसिसला सापडतो. धान्यदेवता डिमिटरचे गूढविधी जिथे चालत त्या अवशेषांच्या वरच्या टेकाडावर ‘मधल्या पेरणीच्या मेरीमाते’चं चर्च आहे. 21 नोव्हेंबरच्या सणाला तिथे मिश्र धान्यं उकडून, आशीर्वाद घेऊन वाटतात. त्याच गावात जुन्या मंदिराच्या द्वाराची एक भंगलेली स्त्रीमूर्ती खळ्यावर गळ्यापर्यंत शेणखतात पुरलेली होती. पीक तिच्यामुळे येतं असं गावकरी मानत. 1801 मध्ये एडवर्ड क्लार्क या इंग्रजानं ती उचलून नेली आणि आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. गावाला देवीची जुनी कथा पाठ असो वा नसो, खळं आणि मूर्तीचं नातं त्यांनी सोडलं नव्हतं. मला तरी यात फलकावरच्या कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त ग्रीस दिसतो.

उलट ऑलिम्पिक मशालीची दौड, जी सगळे प्राचीन समजतात, ती 1936 च्या बर्लिन खेळांपासूनची. हे फरक मुलांना जरूर सांगा.

खानापूर_वाचक
आभार. मग फलकावर असं लिहितो: ‘मृतांसाठी धान्य शिजवण्याची चाल प्राचीन अथेन्समध्ये होती, आजचा कोलिवा चर्चच्या परंपरेतला, दोन्हींतलं साम्य जाणवण्यासारखं.’ चालेल?

मध्यसागर_बेळगाव
चालेल. त्याखाली ‘तेव्हा चाखत नसत, आता वाटून खातात’ एवढं जोडा. खपलीच्या मूठभर कच्च्या ओंब्याही ठेवा. नवाश्मयुगीन ग्रीसमध्ये याच जातीचा गहू पिकत होता. पुढे अथेन्सच्या कोरड्या मातीत सातूचं पीक वरचढ ठरलं.

रांधप_निपाणी
ढिगाच्या मधोमध एक मेणबत्ती रोवतात, ती आधीच रोवा. साखर सपाट केल्यावर रोवलीत तर थराला तडा जातो. आणि ती पेटवू नका, मेण साखरेवर ओघळलं की निघत नाही.